चाळीस किलोमीटरवरचं ऑफिस

मेकॅनिकने स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर खोचली, तेव्हा साहेबांनी नजर खिडकीबाहेर वळवली. शेजारच्या सीटवर बायको जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. नेमकं आजच तिला त्यांच्यासोबत बाजारापर्यंत यायचं होतं. धुराच्या तपासणीची मुदत उद्या संपत होती, त्यामुळे गॅरेज टाळायचीही सोय नव्हती.

गॅरेजात त्यांना अजून साहेबच म्हणत. ऑफिसने त्यांना घरी बसवून दोन महिने झाले होते, पण हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बायकोलाही नाही. रोज सकाळी सांगायला म्हणून तोंड उघडायचे आणि चहा पिऊन निघायचे.

रविवारी धुराच्या नळीत नवा ऑक्सिजन सेन्सर बसवल्यावर मेकॅनिकने दोघांनाही समजावलं होतं. "गाडीच्या कॉम्प्युटरची पाटी आता कोरी झालीय. मोठ्या रस्त्यावर गाडी सलग पळाली, की तो आपला आपण सेन्सर तपासून घेतो. तोवर तपासणीला नेलीत तर परत पाठवतील."

"किती पळवायची?" बायकोने विचारलं होतं.

"त्यात काय वहिनी, साहेबांचं ऑफिसच चाळीस किलोमीटरवर. दोन दिवस गेले-आले की काम फत्ते."

साहेब रोज ठरवून निघत. पण मोठ्या रस्त्याच्या वळणावर गाडी तळ्याकडे वळायची. त्या रस्त्याने आता जायचं तरी कुणाकडे? मग दिवसभर झाडाखाली वर्तमानपत्र. दुपारी डबा उघडला, की एक कानतुटकं कुत्रं समोर येऊन बसायचं. साहेब त्याच्याशी बोलत. ते जेवण होईपर्यंत तरी ऐकून घ्यायचं.

संध्याकाळी बायको गाडी घेऊन आईकडे जाई. म्हातारीचे गुडघे या आठवड्यात फारच धरले होते. घर दोनच गल्ल्या पलीकडे. सकाळी सीट पुढे सरकलेली असे, साहेब ती मागे घेत. पेट्रोलचा काटा जागचा हलत नव्हता. किलोमीटरच्या आकड्याकडे बघायचं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं. चोराच्या मनात चांदणं.

"पाटी पुसल्यापासून गाडी किती चालली, तेही दाखवतं हे," मेकॅनिक म्हणाला.

साहेबांनी डोळे मिटले. फार तर पंचवीस किलोमीटर. आता हा हसत विचारणार, साहेब, ऑफिस घराजवळ आणलंत की काय? आणि ती वळून बघणार. बावीस वर्षांच्या संसारातलं एवढं मोठं खोटं इथे, ग्रीसच्या वासात उघडं पडणार. घरी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना फार वाटलं.

"तीनशे बारा," मेकॅनिक म्हणाला. "कॉम्प्युटरने सेन्सर तपासून घेतलाय. खुशाल न्या तपासणीला."

साहेबांनी स्कॅनरकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती डब्याची कडी नीट बसलीय का ते बघत होती.

बाजाराच्या चौकात ती उतरली आणि डबा आपल्या सीटवर ठेवला.

"अहो, आज दोन घास जास्त घातलेत," ती म्हणाली. "त्या कानतुटक्यालाही पुरतील."