उसनं ड्रिल

"ड्रिल दे गं जरा, लगेच आणून देतो," समोरचे काका दारात हात पुढे करून उभे.

केतकीने ड्रिलची पेटी मागे सरकवली. काकांनी नेलेली हातोडी दांडा मोडून परतली होती. पाना तर परतलाच नव्हता. आणि हे ड्रिल तिने स्वतःच्या कमाईतून कालच घेतलेलं.

"मशीन एकटं कुठे जात नाही, काका. मी येते सोबत."

बाळाला कडेवर घेऊन ती गेली. भिंतीपाशी काकांनी पुन्हा हात पसरले. "दे, बायकांचं काम नाही हे."

सासूबाईंकडेही बाळ देताना दहादा बजावणाऱ्या केतकीने ते सरळ काकांच्या हातांत ठेवलं. "याला आत न्या, धूळ उडेल."

भोक अगदी खुणेवर पडलं. काकू खुशीत म्हणाल्या, "आता पडद्याचा रॉडही लावून टाक गं. अहो, तुम्ही बाळ नीट धरा!"