जागा सोडायची नाही

लग्नानंतरच्या पहिल्याच मॅचला मंजिरी चहा टाकायला किचनमध्ये गेली आणि नकुलच्या लहानपणापासूनच्या लाडक्या बॅट्समनने शतक ठोकलं. तेव्हापासून तो बॅटिंगला आला की नकुलचा हुकूम सुटायचा, "तू किचनमध्येच थांब, बाहेर आलीस की तो आउट होतो!" पुढे दोघं पुण्याहून लंडनजवळच्या इल्फर्डला आले, घरं तीन बदलली, शकुन तेवढा मोडला नाही.

आज टीव्हीवर त्याने रिटायरमेंट जाहीर केली. सोफ्यावर डोळे पुसत नकुल म्हणाला, "बालपण संपलं गं माझं. तुला नाही कळायचं."

मंजिरी हात पुसत बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"शाळेत माझ्याही कंपासपेटीत त्याचाच फोटो होता. आता एखादी जुनी इनिंग लाव ना, बारा वर्षांत एकही पाहिली नाही."