चाकामागचा दगड

बाबांनी नवी गाडी अंगणात उभी केली, खाली उतरले आणि मागच्या चाकाला दगड लावला.

"अहो बाबा, हिचा ब्रेक आपोआप लागतो," चिऊ हसत म्हणाली. "दगड कसला लावताय?"

"जो आपोआप लागतो, तो आपोआप सुटतोही."

गाड्यांवरून त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उभा जन्म काढून त्यांनी अर्ध्या शहराला क्लच सोडायला शिकवलं होतं. त्यांची जुनी गाडी चोक ओढल्याशिवाय जागची हलत नसे आणि तिचा हँडब्रेक नावालाच होता. पत्रा गंजून पायाखालून रस्ता दिसायला लागला, तेव्हा कुठे चिऊने ती भंगारात काढली आणि ही नवी आणली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

नवी गाडी बोलायची. दार नीट लावा, पट्टा बांधा, पुढे वळण आहे. "हा बाईचा आवाज आधी बंद कर," बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. चिऊने केला. स्वतः चालवायला बसली की मात्र ती तो पुन्हा सुरू करायची.

"जुनी कशी होती," बाबा म्हणायचे. "सांगू तिथे न्यायची, आणि नेलं म्हणून कुणाजवळ बोलायची नाही. हिच्या पोटात तीळ भिजत नाही."

"तुम्हाला असं चोरून जायचं तरी कुठे असतं हो?"

बाबा ओठातल्या ओठात हसायचे आणि काच पुसायला लागायचे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गाडी घेऊन एकटेच बाहेर पडत. मोकळ्या रस्त्यावर पळवली नाही तर कार्बोरेटर तुंबतो, हे कारण चिऊ लहानपणापासून ऐकत आली होती. नव्या गाडीला कार्बोरेटरच नव्हता, तरी रविवार चुकला नाही. जाताना ते गुलाबाच्या वाफ्याच्या कडेचा एक दगड चाकाला लावायला म्हणून न्यायचे, आणि अधूनमधून तिथेच विसरून यायचे. चिऊ त्यांना वेंधळे म्हणून चिडवायची. पण मनातून तिला वाईट वाटायचं, कारण ती गोल दगडांची कड आईने स्वतःच्या हाताने चुना फासून लावली होती. वाफ्याच्या तीन बाजू आता उघड्या पडल्या होत्या.

चिऊ तिसरीत असताना एक दिवस शाळेतून घरी आली, तर आई नव्हती. कपाटात तिचे कपडे नव्हते, पलंगाखालची बॅगही नव्हती. "गेली," एवढंच बाबा म्हणाले. त्यानंतर आईचा विषय निघाला की ते उठून गाडीकडे जायचे.

आता चिऊचं लग्न तोंडावर आलं होतं. पत्रिका छापून आल्या, तेव्हा पहिल्याच पत्रिकेवर तिने आईचं नाव घातलं. पत्त्याची जागा कोरी राहिली.

"बाबा, शेवटचं विचारते. कुठे आहे ती?"

बाबा खुर्चीत बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, एका डोळ्यावर पट्टी. उघडा डोळा त्यांनी खिडकीबाहेर लावला.

"आहे तिथे आहे. तू तुझं लग्न कर."

रविवारी सकाळी ती पत्रिका वाटायला निघाली. बाबा दारापर्यंत आले. "गाडी राहू दे आज. बसने जा."

"इतक्या पत्रिका घेऊन? तुम्ही पडून राहा बघू."

तिने गाडी सुरू केली. "सुप्रभात," गाडीतली बाई म्हणाली. "आज पहिला रविवार. नेहमीच्या ठिकाणी जायचं का?"

चिऊचा हात जागीच थांबला.

नेहमीचं ठिकाण! म्हणजे इतकी वर्षं बाबा आईला भेटत होते. मुलीला कळू न देता, कार्बोरेटरचं निमित्त काढून! तिला राग आला, हसू आलं आणि लगेच रडूही फुटलं. आरशात बाबा दारातच उभे होते. गाडी बाहेर पडली तसे ते अनवाणी दोन पावलं गाडीमागे आले, आणि त्यांनी हात वर केला. चिऊनेही हात हलवला.

"हो," ती गाडीला म्हणाली. "ने मला."

शहर मागे पडलं. डांबरी रस्ता संपून कच्चा लागला. तिने मनात वाक्यं जुळवून पाहिली. आई, मी चिऊ. नको, आधी नुसतं आई म्हणायचं. आई ओळखेल का? दारात कोण येईल? आणखी मुलं असतील का तिला? असेनात का. लग्नाला आली म्हणजे झालं.

एका वळणावर सीटखालून काहीतरी गडगडत आलं आणि तिच्या टाचेवर आपटलं. वाफ्याचा दगड. बाबांनी आजच्यासाठी आधीच आणून ठेवला असणार. तिने तो उचलून शेजारच्या सीटवर ठेवला. तळव्याला चुना लागला. आईच्या दारापाशी चांगला उतार असणार, तिच्या मनात आलं. त्याशिवाय का दर वेळी दगड लागतो?

पुढे वस्ती विरळ झाली, मग संपलीच. वारा पडला होता. विजेचे खांबही मागे राहिले.

"आपण पोहोचलो," गाडीतली बाई म्हणाली.

चिऊने इकडे तिकडे पाहिलं. घर नव्हतं. उतारही नव्हता. नजर जाईल तिथवर सपाट, कोरडा माळ होता. गाडीचा ब्रेक आपोआप लागला.

ती पत्रिका हातात घेऊन उतरली. "आई?" तिने हाक मारली, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली. चाकोरीच्या कडेने झुडपांकडे एक पायवाट जात होती. एकाच माणसाच्या येण्याजाण्याने पडावी, एवढीच अरुंद. ती त्या वाटेने गेली.

झुडपांमागे गुलाब होते. त्यांच्याच अंगणातले, त्याच रंगाचे, नीट पाणी घातलेले. भोवती चुना फासलेल्या गोल दगडांची कड होती.

वाफा एका माणसाच्या लांबीचा होता, आणि पायथ्याशी अजून एका दगडाची जागा रिकामी होती.