कूस बदलताना

कुमुदिनीबाई सकाळी कुशीवर वळल्या आणि छत गरगरा फिरलं. त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली. यजमानांचा अर्धांगवायू अशाच चक्करेनं सुरू झाला होता. त्यांचा चेहरा पाहून सून शलाकानं हातातला चहा तसाच ठेवला आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हात वर करायला लावले, हसायला लावलं, चालवून पाहिलं.

"हा अर्धांगच ना, डॉक्टर?"

"नाही हो आजी. कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागचे हललेत. आत्ता बसवू."

त्यांनी बाईंचं डोकं उजवीकडे वळवून त्यांना झटकन आडवं केलं. सगळं पुन्हा गरगरलं. बाईंनी देवाचा धावा केला. थोड्या वेळानं डोकं डावीकडे, मग डाव्या कुशीवर, मग उठून बसायचं. बसल्यावर बाईंनी भीत भीत वर पाहिलं. पंखा, खिडकी, भिंत, सगळं जागच्या जागी होतं.

"थांबलं गं!" त्या सुनेकडे वळल्या. शलाका मात्र मटकन स्टुलावर बसली होती, चेहरा पांढराफटक.

"अगं, तुला काय झालं?"

"काही नाही, आई. जीव नुसता टांगणीला लागला होता. आता एकदम डोळ्यांपुढे अंधारी आली."

"झोपवा तिला," डॉक्टर म्हणाले. "आणि पाय जरा वर घ्या."

कुमुदिनीबाईंनी तिला टेबलावर आडवं केलं, पायथ्याशी बसून तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले.

"आई, पाय नको ना!"

"गप पड," बाई म्हणाल्या आणि तळवे चोळू लागल्या.