सीटखालचं बटण

आमच्या जुन्या फोर-व्हील जीपला पेट्रोल आणि गॅस दोन्ही चालतं. गॅसवर ती मजेत पळायची, पण पेट्रोलवर घेतली की मिनिटभरात मान टाकायची. तीन रविवार मी तिच्याखाली आडवा होतो. फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर खोलून धुतला, नळ्या फुंकून फुंकून गाल दुखले. नवा फ्युएल पंपही बसवला, तरी ढिम्म.

"मेकॅनिकला बोलवा आता," बायको म्हणाली.

"त्याला काय कळतंय!" मी म्हणालो.

चौथ्या रविवारी तो आलाच. पंपाची वायर चाचपत चाचपत सीटखाली पोचला आणि त्यानं तिथलं एक बटण दाबलं. पंप घुरघुरला. "काका, हे कुणी बसवलं?"

मीच. चोराला गाडी नेता येऊ नये म्हणून पेट्रोल तोडणारं ते छुपं बटण मीच बसवलं होतं, आणि मागे परगावी जाताना बंद करून साफ विसरलो होतो.

"बघ, माझ्यासारख्याला तीन रविवार सापडलं नाही, चोराला काय सापडणार?" मी छाती फुगवून म्हणालो.



बायको म्हणाली, "अहो, पण चोर गॅसवर नाही का नेणार?"