प्रसादाची गोळी

आरती संपली की वृद्धाश्रमातल्या सिस्टर उघडं तबक घेऊन फिरायच्या आणि प्रत्येकाच्या तळहातावर गोळी टेकवायच्या. खुर्ची बघून, माणूस बघून नव्हे. “ही कसली?” असं विचारलं, तर म्हणायच्या, “प्रसादाला नाव विचारतात का, आजी?”

दमयंतीबाई रक्तदाबाची समजून गिळत आणि जेवणाआधीच खुर्चीत कलंडत. तक्रार केली, तर सिस्टरचं उत्तर ठरलेलं, “वय झालं, आजी.” हल्ली त्यांनाही ते पटू लागलं होतं.

आज संस्थेचे चाळिशीतले अध्यक्ष आले आणि नेमके दमयंतीबाईंच्या खुर्चीत ऐसपैस बसले. सिस्टरनी सवयीने त्यांच्या हातावर गोळी ठेवली. साहेबांनी ती कपाळाला लावून भक्तिभावाने गिळली.

मग लांबलचक भाषण. “आमच्याकडे औषधं कडीकुलपात असतात, एकेका गोळीवर आमची करडी नजर...” बोलता बोलता जीभ जड झाली, मान लटकली आणि साहेब माइकवरच घोरू लागले.

सिस्टर वारा घालायला धावल्या. “फार राबतात हो साहेब!”

मागे उभ्या असलेल्या दमयंतीबाई कित्येक महिन्यांनी या वेळी टक्क जाग्या होत्या.

“राबतात कसले?” त्या कडाडल्या. “वय झालंय त्यांचं!”