वाटून घेतलेली जोखीम

मुंबईहून फोन येईल म्हणून विमा कचेरीतली अरुंधती सकाळपासून खुर्चीतून हलली नव्हती. समोर जगन आणि त्याची बायको मालू बसली होती. मिठागराची जमीन गेल्यावर आलेल्या पैशांतून दोघांनी तळोज्याजवळ मोठं गोदाम बांधलं होतं. न्हावा शेव्याच्या बंदरात जाणारा व्यापाऱ्यांचा रंगांचा माल त्यात राहायचा. गेल्या आठवड्यात ते मालासकट जळालं. माणसं बचावली, एवढंच.

त्यात जगनच्या कानावर भलतंच आलं होतं. पनवेलच्या या विमा कचेरीने त्याच्या विम्यातला मोठा वाटा परदेशातल्या एका कंपनीवर टाकला होता, आणि ती कंपनी आता बुडाली होती.

"ती बुडली तं आमी पन बुडलो ना, मॅडम?"

अरुंधतीने त्याला शांतपणे समजावलं. विमा कंपनीसुद्धा आपली जोखीम दुसऱ्या कंपनीकडे उतरवते, पण तो त्या दोघींमधला व्यवहार. जगनचा करार या कचेरीशी होता. पलीकडची बुडो की तरो, नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरचा अहवाल आला की त्याची भरपाई इथूनच मिळणार होती.

जगनने डोळे मिटून घेतले. मग खाली थांबलेल्या गोदामाच्या हमालांना सांगून येतो म्हणत तो जिना उतरला.

स्वतःची काळजी मात्र अरुंधतीने त्यांना सांगितली नव्हती. त्या परदेशी कंपनीला इथे धंद्याचा परवाना नव्हता. म्हणून त्या कंपनीने आपल्या वाट्याची रक्कम आधी मुंबईच्या बँकेत अडकवून ठेवावी, तरच तिचा हिस्सा धरायचा, अशी अट अरुंधतीने घातली होती. तिचे वरिष्ठ कमलाकर साहेब वैतागले होते. एवढ्या नावाजलेल्या कंपनीवर अविश्वास कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी अट मान्य झाली. पण यंदा करार पुढे चालू करताना ती ठेव जागेवर आहे की मुदत संपून परत गेली, हे बघायचं राहून गेलं होतं. गेली असेल तर सगळा भार कचेरीवर आणि जाब तिला.

फोन वाजला. ती ऐकत राहिली. मधे एकदाच "सगळी?" असं म्हणाली.

सगळी ठेव जागेवर होती. अरुंधतीच्या कंपनीच्या मुख्य कचेरीच्या सहीशिवाय ती काढता येत नव्हती, आणि तशी सही कुणी दिलीच नव्हती.

रिसीव्हर ठेवला तरी तिचा हात त्याच्यावरच राहिला. मालू ते बघत होती. तिने टेबलावरचा पाण्याचा ग्लास हळूच पुढे सरकवला.

"मॅडम, तुमाला पन रातची झोप नाय लागली ना?"

अरुंधतीने नुसती मान हलवली, आणि एका दमात सगळं पाणी पिऊन टाकलं.